‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी की निर्बंध? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका अभ्यासिकेत मी रविवारी सकाळी इंग्रजी घेतो. त्याआधीची नोकरी बँकेतली, तीही बहुतेक कर्ज विभागात. म्हणजे ‘सँक्शन’ या शब्दावरच माझं घर चाललं. तरी पेपर वाचताना मुलं ज्या शब्दापाशी हमखास अडतात, तो हाच. त्यांनी वर्षभरात विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत.

या शब्दाचा नेमका अर्थ काय?

दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिला अर्थ अधिकाऱ्याने किंवा संस्थेने दिलेली मंजुरी. दुसरा अर्थ नियम मोडल्याबद्दल लादलेला निर्बंध किंवा दंड. नाम आणि क्रियापद म्हणून दोन्ही अर्थांनी तो चालतो.

आपण मराठी माणसांनी यातला पहिलाच अर्थ उचलला. लोन सँक्शन झालं, नकाशा सँक्शनला टाकला, रजा सँक्शन झाली नाही. वीजबिलावर छापलेला ‘मंजूर भार’ हाही इंग्रजीत ‘सँक्शन्ड लोड’च. सरकारी कोष्टकातल्या ‘मंजूर पदां’चंही तसंच. घराघरात हा शब्द इतका रुळलाय की त्याला दुसरी बाजू असेल अशी शंकाच येत नाही. मग एके दिवशी ‘सँक्शन्स अगेन्स्ट रशिया’ समोर येतं आणि गाडी अडते.

सर, एकच शब्द दोन उलटे अर्थ कसा काय घेऊन राहिला?

मूळ पाहिलं की यात उलटं काही दिसत नाही. लॅटिन भाषेत ‘सँक्टस’ म्हणजे पवित्र. त्याच कुळातलं एक क्रियापद आहे, ज्याचा अर्थ एखादा नियम पवित्र ठरवून पक्का करणे. इंग्रजीत सोळाव्या शतकात ‘सँक्शन’ आला तो कायदा किंवा फर्मान याच अर्थाने. फर्मानात दोन गोष्टी असतात: काय करायला मोकळीक आहे आणि मोडलं तर काय होईल. पुढे एका वाटेने मोकळीक गेली आणि मंजुरी झाली, दुसऱ्या वाटेने मोडल्याची शिक्षा गेली आणि निर्बंध झाला. दोन्हींवर शिक्का अधिकाराचाच. क्रियापद म्हणून ‘दंड करणे’ हा अर्थ मात्र बराच अलीकडचा, विसाव्या शतकातला.

याच कुळातला आणखी एक शब्द आपल्या अगदी शेजारचा आहे. पेंचला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जाताना पाटीवर ‘सँक्च्युअरी’ लिहिलेलं असतं ना? तो याचा सख्खा भाऊ. चर्चमधल्या ज्या पवित्र जागेत शिरलेल्याला पकडता येत नसे, ती सँक्च्युअरी. पुढे ती जनावरांसाठी झाली आणि मराठीत आपण तिला अभयारण्य म्हटलं.

आणि एका शब्दात उलटे अर्थ, यात मराठी माणसाने एवढं दचकू नये. आपण पानात भात वाढतो, पगार वाढतो आणि नारळ ‘वाढवतो’ म्हणजे फोडतो. बांगडी ‘वाढली’ म्हणजे फुटली. त्या वेळी कोणी शब्दकोश उघडत नाही, शेजारी नारळ आहे की पगार एवढं पाहून पुढे जातो. सँक्शनला हेच लागू करायचं.

मग वाक्यात कोणता अर्थ आहे हे ओळखायचं कसं?

शेजारचे शब्द पाहायचे. मी मुलांना तीन ठिकाणी नजर टाकायला सांगतो आणि त्यातलं तिसरं सर्वांत भरवशाचं आहे.

आधी सोबतचं क्रियापद. निर्बंध ‘इम्पोझ’ होतात, ‘लिफ्ट’ होतात, ‘ईझ’ होतात, देश ते ‘फेस’ करतो. मंजुरी ‘ग्रँट’ होते, ‘ऑब्टेन’ होते, आणि सरकारी कागदावर तर ‘अकॉर्ड’च होते. ‘सँक्शन इज हिअरबाय अकॉर्डेड’ हे वाक्य ज्याने एकदा वाचलं तो विसरत नाही.

मग छोटे शब्द. ‘ऑन’ आणि ‘अगेन्स्ट’ आले की निर्बंध. ‘फॉर’ आला की बहुधा मंजुरी. ‘बहुधा’ मुद्दाम म्हणतोय, कारण ‘सँक्शन्स फॉर व्हायोलेटिंग द रूल्स’ या वाक्यात ‘फॉर’ असूनही शिक्षाच आहे. नियम मोडल्याचा उल्लेख दिसला की ‘फॉर’वर विसंबू नका.

आता तिसरं, म्हणजे क्रियापद कोणावर पडतंय. गोष्टीवर पडलं तर मंजुरी: कर्ज, रजा, निधी, आराखडा, पद. माणसावर, कंपनीवर किंवा देशावर पडलं तर दंड. ‘दे सँक्शन्ड द ऑफिसर्स लीव्ह’ म्हणजे अधिकाऱ्याची रजा मंजूर केली. ‘दे सँक्शन्ड द ऑफिसर’ म्हणजे अधिकाऱ्यावर कारवाई केली. दोन्ही वाक्यांत एका ‘लीव्ह’चा फरक, पण एक अधिकारी सुटीवर जाईल आणि दुसरा चौकशीला.

विशेषणातही तेच. ‘सँक्शन्ड लोन’ म्हणजे मंजूर झालेलं कर्ज, ‘सँक्शन्ड बँक’ म्हणजे निर्बंध लागलेली बँक. ‘सँक्शन्ड टँकर’ अशी बातमी आली तर तेलाच्या त्या जहाजाला परवाना मिळालेला नाही, ते काळ्या यादीत गेलेलं आहे.

शेवटी ‘स’ लागला की निर्बंध, असं क्लासमध्ये शिकवलं होतं. बरोबर आहे का?

अर्धं बरोबर. अनेकवचनी नाम ‘सँक्शन्स’ हे जवळजवळ नेहमी निर्बंधच. पण इंग्रजी मथळ्यांमध्ये क्रियापदही साध्या वर्तमानकाळात येतं आणि त्यालाही ‘स’ लागतो. ‘सेंटर सँक्शन्स फंड्स फॉर न्यू ब्रिज’ असा मथळा आला तर केंद्राने पुलावर निर्बंध घातलेले नाहीत, निधी मंजूर केलाय. तेव्हा नुसता ‘स’ पाहून धावू नका. त्याच्या पुढे काय आहे ते बघा: ‘फंड्स’ आहे, म्हणजे ती गोष्ट, म्हणजे मंजुरी.

या ‘स’ने आमच्या शाखेतही गंमत केली होती. मे १९९८, नागपूरचं ऊन आपल्या पूर्ण ताकदीत. ११ आणि १३ मे रोजी पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि लगेच अमेरिकेचे निर्बंध आले. इंग्रजी पेपरात मोठ्या अक्षरात ‘यूएस सँक्शन्स’. काउंटरवरचे आमचे एक ज्येष्ठ सहकारी चष्मा वर सरकवत म्हणाले, “अमेरिकेनं सँक्शन केलं? कितीचं?” सगळे हसले. त्या हसणाऱ्यांत मीही होतो, पण खरं सांगायचं तर दुसऱ्या अर्थाची मला तरी कुठे नीट खात्री होती? घरी जाऊन शब्दकोश काढला.

मी अर्जात ‘प्लीज सँक्शन मी फॉर टू डेज’ लिहिलं. काय चुकलं?

तुम्ही साहेबांना दोन दिवसांसाठी स्वतःवर कारवाई करायची विनंती केलीत. वर सांगितलं तेच: मंजुरी माणसाला मिळते, पण ‘सँक्शन’ केली जाते ती गोष्ट. ‘प्लीज सँक्शन माय लीव्ह फॉर टू डेज’ लिहा.

‘माय फादर सँक्शन्ड मी टू गो टू पुणे’ हेही असंच फसतं. घरच्या परवानगीला हा शब्द लावूच नका, तिथे ‘अलाउड’ किंवा ‘लेट’ पुरे. सँक्शन म्हटलं की टेबल, शिक्का आणि सही लागते. बाबांनी शिक्का मारून पुण्याला पाठवलं असेल तर गोष्ट वेगळी.

‘सँक्शन टू प्रॉसिक्यूट’ यात तर अधिकाऱ्यावर खटला चालतो. मग हा दंडाचा अर्थ ना?

नाही, आणि इथे हुशार मुलंही पडतात. हा मंजुरीचाच अर्थ आहे, फक्त मंजुरी खटल्याला आहे. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल कोर्टात खेचायचं असेल तर काही प्रकरणांत आधी सरकारची परवानगी लागते, नाहीतर प्रामाणिक अधिकाऱ्यावर कोणीही रोज उठून खटला टाकेल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९७३ च्या कायद्यात, ही तरतूद कलम १९७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम २१८ मध्ये आहे. त्यात नवं काय, तर सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. लाचेच्या प्रकरणांसाठी १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातलं कलम १९ वेगळं आहे.

आता गोंधळ कुठे होतो पाहा. ‘सँक्शन रिफ्यूज्ड’ अशी बातमी आली की वाचणाऱ्याला वाटतं अधिकाऱ्याचं काही तरी अडलं. उलट त्याचं सुटलं, कारण खटल्यालाच परवानगी मिळाली नाही. आणि ‘सँक्शन ग्रँटेड’ म्हणजे त्याचे दिवस फिरले. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी कायद्याच्या परीक्षेची तयारी करते. तिने वहीत लिहून ठेवलंय, “मंजुरी कशाला, हे आधी विचार.” मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

लोन सँक्शन झालं म्हणजे पैसे मिळाले ना?

नाही हो. हा प्रश्न इंग्रजीचा कमी आणि बँकेचा जास्त आहे, पण मला राहवत नाही. सँक्शन म्हणजे बँकेने कागदावर मान्य केलेली रक्कम आणि तिच्या अटी. पैसे खात्यात किंवा बिल्डरच्या हाती जातात त्याला ‘डिस्बर्समेंट’ म्हणतात, मराठीत वितरण. मधे करारनामा, गहाणखत, मूळ कागद, स्वतःचा हिस्सा भरल्याची पावती असं बरंच येतं. बांधकाम सुरू असलेल्या घराचे पैसे तर टप्प्याटप्प्याने सुटतात. मंजुरीपत्राला मुदतही असते, ती उलटली की पुन्हा पहिल्यापासून. मंजुरीपत्र हातात येताच पेढे वाटून इसार देऊन बसलेली माणसं मी टेबलापलीकडून पाहिली आहेत. पेढे ठीक, इसार थोडा थांबून.

प्लॉटच्या जाहिरातीत ‘सँक्शन्ड लेआउट’ लिहितात, ते काय?

बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, उमरेड रोड, कुठेही जा, पाटी असतेच. ‘लेआउट’ हा तर नागपूरचा घरचाच शब्द, आपल्याकडे वस्तीच्या नावातही तो बसलाय. सँक्शन्ड लेआउट म्हणजे रस्ते, मोकळी जागा आणि भूखंड दाखवणारा नकाशा सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलाय असा दावा. हे प्राधिकरण जागेनुसार बदलतं: १९३६ च्या कायद्याने आलेली नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपली एनआयटी, शहराबाहेर एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, शहरात महापालिका.

भाषेच्या दृष्टीने एवढंच पाहा की ‘सँक्शन्ड’ हे विशेषण कोणाला लागलंय. ‘सँक्शन्ड लेआउट’, ‘सँक्शन्ड बिल्डिंग प्लॅन’ आणि ‘प्रपोज्ड फॉर सँक्शन’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्यात अजून काहीच मंजूर झालेलं नाही, आणि जाहिरातीत नेमकी तीच बारीक अक्षरात असते.

‘अप्रूव्हल’ आणि ‘सँक्शन’ यात फरक आहे का?

बोलण्यात फारसा नाही. सरकारी बांधकामाच्या इंग्रजीत मात्र आहे आणि कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा देणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह अप्रूव्हल’ म्हणजे हे काम करायचं आणि एवढा खर्च चालेल, असं संबंधित विभागाने म्हणणं. ‘टेक्निकल सँक्शन’ म्हणजे आराखडा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आणि अंदाजपत्रक नीट आहे, असं सक्षम अभियंत्याने म्हणणं. क्रम हाच.

परदेशी कंपनीत ‘लीव्ह सँक्शन’ म्हटलं तर चालेल?

समजेल, पण कानाला जड वाटेल. ‘अप्रूव्ह’ वापरा: ‘माय लीव्ह वॉज अप्रूव्ह्ड’. मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग प्रकल्पात, काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने परदेशातल्या सहकाऱ्याला ‘आय हॅव नॉट बीन सँक्शन्ड’ असं कळवलं, म्हणजे रजा मिळाली नाही. तिकडून उत्तर आलं की ऐकून बरं वाटलं!

देशांवर निर्बंध, बंदी, एम्बार्गो, सगळं एकच का?

एक नाही. ‘सँक्शन्स’ ही मोठी टोपली आहे. तिच्यात व्यापार रोखणं, खाती गोठवणं, प्रवासावर बंदी, शस्त्रं न विकणं असं सगळं मावतं. ‘एम्बार्गो’ म्हणजे ठरावीक मालाची ने-आण बंद. ‘बॉयकॉट’ हा बहुतेकदा लोकांनी आपणहून टाकलेला बहिष्कार.

जुनं गाजलेलं उदाहरण १९३५ चं. इटलीने इथिओपियावर हल्ला केला म्हणून राष्ट्रसंघाने (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची ‘लीग ऑफ नेशन्स’) इटलीवर निर्बंध लादले. पण ज्याच्यावाचून युद्ध अडलं असतं ते तेलच यादीत नव्हतं. पुढच्या वर्षी, इटलीने तो देश घेतल्यावर, निर्बंध उठवले गेले. ‘टूथलेस सँक्शन्स’ असा शब्दप्रयोग दिसला तर हे आठवा. आपल्यावरचे १९९८ चे अमेरिकी निर्बंध सप्टेंबर २००१ मध्ये उठले. आणि निर्बंध दुसऱ्यावर असले तरी झळ आपल्याला लागू शकते: इराणवरच्या अमेरिकी निर्बंधांमुळे भारताने २०१९ च्या मे महिन्यात तिथलं तेल घेणं थांबवलं.

समाजशास्त्राच्या पुस्तकात ‘पॉझिटिव्ह सँक्शन’ आहे. आता हे काय नवीन?

समाज माणसाला वळणावर ठेवण्यासाठी जे काही करतो, त्या सगळ्याला समाजशास्त्रात सँक्शन म्हणतात. शाबासकी, सत्कार, बढती हे पॉझिटिव्ह. टोमणा, दंड, वाळीत टाकणं हे निगेटिव्ह. म्हणजे या विषयात शब्दाच्या दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येतात. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरलाय, तेव्हा समाजाच्या एका सँक्शनवर कायद्याचा दुसरा सँक्शन बसलाय असं म्हणता येईल.

कायद्याच्या तत्त्वज्ञानात जेरेमी बेंथम हा इंग्रज विचारवंत भेटेल. त्याने १७८९ च्या ग्रंथात सँक्शनचे चार प्रकार केले: भौतिक, राजकीय, नैतिक आणि धार्मिक. पण जातिव्यवस्थेवरच्या इंग्रजी लेखनात ‘रिलिजस सँक्शन’ येतं तेव्हा अर्थ वेगळा, तिथे धर्माने दिलेली मान्यता. जोडशब्द तोच, संदर्भ बदलला की अर्थ पालटला. दीक्षाभूमीच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून इंग्रजी पुस्तकं आणणारे वाचक हा फरक माझ्याआधी पकडतात, हे मी अनुभवाने सांगतो.

‘अनसँक्शन्ड’चेही दोन अर्थ होतात का?

सहसा नाही. त्याचा अर्थ विनापरवानगी, एवढाच धरा. ‘अनसँक्शन्ड टूर्नामेंट’ म्हणजे क्रीडा संघटनेची मान्यता नसलेली स्पर्धा.

उच्चार कसा करायचा?

‘सँ’वर जोर, आणि अनुस्वार ‘अंक’मधल्यासारखा. सँक्-शन. शेजारी दोन सापळे आहेत. ‘सेक्शन’ म्हणजे विभाग किंवा कलम, ‘सक्शन’ म्हणजे ओढून घेणं, जसा दातांच्या डॉक्टरकडे असतो तो पाइप. लोन सक्शन झालं, असं एक ग्राहक म्हणाले होते. हप्ते पाहता मला ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही. मराठीत लिहितानाही जपा: ‘मंजुरी’वरचा टिंब गेला की ‘मजुरी’ उरते.

असे उलट्या अर्थाचे आणखी शब्द सांगा.

दोन सांगतो, कामाचे. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूकही. ‘ड्यू टू अॅन ओव्हरसाइट’ आलं की चूक, ‘ओव्हरसाइट कमिटी’ आली की देखरेख.

दुसरा ‘टेबल’. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आपल्याकडे भरतं तेव्हा ‘द रिपोर्ट वॉज टेबल्ड’ असं वाचाल. भारतात आणि ब्रिटनमध्ये याचा अर्थ अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला. अमेरिकेत ठराव ‘टेबल’ केला म्हणजे तूर्त बाजूला सारला. इथे शेजारचा शब्दही वाचवत नाही, बातमी कुठल्या देशातली हे पाहावं लागतं.

फोनवर भाषांतर केलं की झालं, एवढं कशाला लक्षात ठेवायचं?

करून पाहा. पूर्ण वाक्य दिलं तर बरेचदा नीट येतं. तुटका मथळा किंवा नुसता शब्द दिला की नाणं उडवल्यासारखं होतं, कधी मंजुरी, कधी निर्बंध. शिवाय परीक्षेच्या खोलीत फोन कुठे असतो.

आई रोज विचारते, “तुझं लोन सेक्शन झालं का रे?” तिला दुरुस्त करू का?

कशाला? तिला नेमकं काय अडलंय ते बरोबर माहीत आहे. मंजुरीपत्र आणि वितरण यातला फरक तेवढा सांगा, म्हणजे दुसऱ्या दिवशी “पैसे आले का?” असं नीट विचारेल.